मिश्रीच्या रंगाचा दात

गुणाबाईने पदराची गाठ सोडली, तिच्यातून दात काढला आणि खलीलच्या टेबलावर आपटला.

“ह्यो घे तुजा दात. माज्या तोंडात ह्यो ऱ्हायाचा न्हाय.”

धामणकर नाक्यावर दुकान टाकल्यापासून खलीलने अर्ध्या भिवंडीच्या तोंडात दात बसवले होते, पण बसवलेला दात कुणी परत आणून दिला नव्हता. त्याने तो उचलून उजेडात धरला. वरच्या ओळीतला समोरचा एकच दात, त्याच्या मागे टाळूला बसणारी पातळ गुलाबी पट्टी आणि शेजारच्या दाताला पकडून ठेवणारा तारेचा आकडा. कामात कुठे खोट दिसेना.

“टोचतो काय मावशी?”

“टोचत न्हाय. दिसतो.”

“दात तर दिसणारच ना!”

“समदे दिसले तर माजी ना न्हाय. ह्यो एकटाच दिसतो!” असं म्हणून गुणाबाईने दात हिसकावला, तोंडात बसवला आणि ओठ फाकवून दाखवले.

खलीलने पाहिलं आणि त्याला कबूल करावं लागलं की म्हातारीचं खोटं नाही. गुणाबाई गेली चाळीस वर्षं मिश्री लावत होती. तंबाखू तव्यावर जाळायची, तिची काळी भुकटी करायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांवर घासायची, हा तिचा नेम लग्नाच्या आधीपासूनचा. त्या काळ्या-तपकिरी ओळीत खलीलने बसवलेला शुभ्र दात अंधाऱ्या माजघरात कुणी बत्ती लावून ठेवावी तसा चमकत होता.

मूळचा दात गेला तोही तिच्या हट्टापायी. एका साखरपुड्यात कुणीतरी तिच्यापुढे अडकित्ता केला. “अडकित्ता म्हाताऱ्यांना द्या,” असं म्हणून गुणाबाईने सुपारी दातांखाली घातली. सुपारी फुटली नाही.

एखाद्या साध्या बाईने पुढचा दात पडला तर पदर ओढून दिवस काढले असते. पण गुणाबाई धवलारीण होती. तिच्या वडपे गावाच्या आसपास लग्न म्हटलं की धवलारीण पाहिजेच. ती धवला गायला लागली की मांडवात देव येतात, ती गाईल तेव्हाच नवऱ्याला हळद लागते. भटजी मागेपुढे झाला तर चालतो, धवलारीण नसली तर नवरा पाटावर बसत नाही. गुणाबाईला ही गाणी तिच्या सासूने दिली होती, आणि सासूला तिच्या सासूने. दाताच्या फटीतून वारा जायला लागल्यावर ती घाबरली होती. नवा दात बसला तेव्हा आवाज पूर्वीसारखा आला, पण ऐकतंय कोण? गावातल्या एका हळदीत तिने तोंड उघडलं आणि “म्हातारीनं येकच दात घासला,” म्हणत करवल्या पदरात तोंड खुपसून खिदळायला लागल्या. गाणं राहिलं बाजूला, सगळा मांडव तिचा दात बघत बसला.

“आता हिरामणच्या पोराचं लगीन हाय,” गुणाबाई म्हणाली. “वडप्यातलं सगल्यात मोटं घर. तिथं मी गायले न्हाय तर ठकुबाई गाईल. ती टपूनच बसलीय. एकदा का तिनं हिरामणचा मांडव धरला का मना कोन इचारतंय? आन् धवलारनीचा दात खोटा हाय ह्ये कुनाला कळता कामा न्हाय. आज बोलतील दात खोटा, उद्या बोलतील देव बी खोटेच आनले.”

“मग काय करू म्हणता?”

“माज्या बाकीच्या दातांवानी करून दे. येकाला येक लावून कुनाला वळखू येनार न्हाय असा.”

दुसरा कोणी असता तर हात जोडून मोकळा झाला असता. मुंबईहून तयार दात यायचे त्यांत पांढरा, जरा कमी पांढरा आणि पिवळट पांढरा एवढेच रंग होते. मिश्रीचा रंग कुठली कंपनी बनवते? पण परत आलेला दात खलीलला झोंबला होता. तो म्हणाला, “मावशी, कसम आहे. असा दात बनवीन की ज्यानं तुम्हाला दात दिले त्यालाही हिशेब लागणार नाही. आणि हे तुमच्या-माझ्यातच राहील.”

मग त्याने दोन गोष्टी केल्या. तिच्या शेजारच्या दाताकडे टक लावून बघत, प्लास्टरच्या एका तुकड्यावर रंग चढवून हुबेहूब नमुना तयार केला. आणि तिला बजावलं, “दात होईपर्यंत मिश्री एकदम बंद. मी रंग जुळवणार आणि तुम्ही रोज नवा थर चढवणार, मग मी पोचायचं कधी?”

मिश्री बंद म्हटल्यावर गुणाबाईचा चेहरा पडला. पण ती एका शब्दाची बाई होती. “बंद तर बंद,” ती म्हणाली आणि सून काशीचा हात धरून एसटीला गेली.

खलील कामाला लागला. दाताच्या मसाल्याची पांढरी भुकटी असते, तिच्यात डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या वासाचं औषध थेंबथेंब घातलं की कणकेसारखा गोळा होतो. तो मळायचा, वरून दिलेला रंग तोंडात टिकत नाही म्हणून त्यातच रंग मुरवायचा, आणि हातात असतानाच कडक व्हायच्या आत त्याला दाताचा आकार द्यायचा. गुलाबी, पांढरा एवढ्यावरच आयुष्य काढलेल्या खलीलला वाटलं, काळा आणि तपकिरी रंग मिसळला की झालं. झालं काहीच नाही. पहिला गोळा जांभळासारखा दिसला, दुसरा चिखलासारखा. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की गुणाबाईच्या दाताला एक रंगच नव्हता. हिरडीपाशी तो काळा होता, मध्ये चिंचोक्यासारखा आणि टोकाला जुन्या दाराच्या चौकटीसारखा. मळताना जमला असं वाटावं आणि सुकल्यावर रंगाने पाठ फिरवावी, असं सुरू झालं.

पण माणूस इरेला पेटला होता. दुकानात जमेना तेव्हा त्याने मसाला घरी नेला आणि बायकोच्या, सालेहाच्या, स्वयंपाकघराला हात घातला. चहाची पूड गेली, कॉफी गेली, जळका कांदा गेला, जायफळ उगाळून झालं.

“या घरात माणसं राहतात काय तुमची मावशी राहते?” सालेहा म्हणाली. “काल सालनात घालायला दालचिनी नव्हती. तीपण दातात गेली?”

“दालचिनीनं थोडा पिवळा आला, पण टिकला नाय,” खलील गंभीरपणे म्हणाला.

शेवटी त्याने पानाला लावायचा कात घातला. गोळा असा सुरेख गव्हाळ-काळा झाला की त्याने लगेच दात घडवून वडप्याला पाठवून दिला. कात मात्र आतून काम करत राहिला. दोन दिवसांत दात विटकरी लाल झाला आणि जन्मात पानाला न शिवलेल्या गुणाबाईला विहिरीवर बायका विचारायला लागल्या, “काय गुणाबाय, पान खाल्लंस तर येकाच दातानं खाल्लंस काय ग?”

दात परत आला. खलील उठला आणि तडक नूर मोहम्मदच्या रंगखात्यात गेला. नूर मोहम्मद लूमवाल्यांचं सूत रंगवून द्यायचा. लुंगीच्या काठासाठी त्याच्याकडे एक चॉकलेटी रंग होता, उन्हात, पाण्यात, साबणात न हटणारा.

“खलीलभाई, या चिमटीत लुंग्यांचं अख्खं गाठोडं रंगतं,” नूर मोहम्मद म्हणाला. “दात किती मोठा आहे? माणसाचाच आहे ना?”

“रंग पक्का आहे का ते बोल.”

“पक्का म्हणजे? लुंगी फाटेल, रंग जाणार नाय.”

रंग पक्का होता यात शंका नाही. फक्त लुंगी चहा पीत नाही, एवढी गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही. तो दात घालून गुणाबाई मोठ्या ऐटीत पडघ्याच्या बाजाराला गेली. तिथे नेमकी ठकुबाई भेटली. ठकुबाईने आग्रह करून चहा सांगितला, तोही कढत. चॉकलेटी रंग काही एकटा नसतो. नूर मोहम्मदने तो लाल, पिवळा आणि हिरवा मिळून केला होता. कढत चहा लागल्याबरोबर त्यातला हिरवा सुटला.

“अग बाय!” ठकुबाई ओरडली. “गुणाबाय, तुजी जीभ हिरवी झाली!”

“कायतरीच काय!” असं म्हणायला गुणाबाईने तोंड उघडलं आणि मिरचीच्या ढिगामागे बसलेल्या माणसालाही तिची जीभ दिसली. बाकीचे दातही हिरवे झाले होते. बातमी वडप्याला एसटीच्या आधी पोचली. वेशीपाशी ती हिरवी होती, देवळापाशी निळी झाली, आणि हिरामणच्या ओटीवर गेली तेव्हा गुणाबाईला कुणीतरी करणी केली असं ठरूनही गेलं होतं.

हिरामण भला माणूस. तो दारात आला आणि पागोटं सारखं करत म्हणाला, “गुणाकाकू, माज्या बापाच्या लग्नात तुज्या सासूनं धवला गायला, माज्या लग्नात तू गायलीस. पन जीव बरा नसंल तर तसं सांग. हळदीला मना आवाज घुमलेला पायजे. न्हायतर ठकुबायला सांगावा धाडतो, तू वाईट वाटून घेऊ नको.”

गुणाबाईने पदर तोंडावर दाबला आणि त्याच्याआडून म्हणाली, “मीच गानार. तू हळद वाट.” तो गेल्यावर मात्र ती चुलीपाशी बसून रडली. काशीने सासूला रडताना पहिल्यांदाच बघितलं. सकाळी उठल्याबरोबर गुणाबाईने नेम केला: नवा दात येईपर्यंत कुणापुढे तोंड उघडायचं नाही, घरातल्यांपुढेही नाही. बोलायचं ते पदराआडून. काशीला तिने भिवंडीला पिटाळलं.

काशीने सगळं सांगितलं तेव्हा खलीलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने आधी हिरवेपणाचा बंदोबस्त केला. कवळ्यांना चकाकी आणायची त्याची एक पांढरी भुकटी होती, तिची पुडी बांधून तो म्हणाला, “हिनं सकाळ-संध्याकाळ दात घासायला सांग. हिरवं काय, हिरव्याचा बापही निघेल. आणि मावशीला बोल, हळदीच्या सकाळी मी स्वतः दात घेऊन येतो.”

बोलून तर बसला, पण रंग कुठून आणायचा? लग्न तोंडावर आलं होतं. त्या दिवशी तो जेवताना हातात घास धरून नमुन्याकडेच बघत बसला. सालेहाने ताट ओढून घेतलं.

“एक विचारू? मावशीचे दात काळे कशानं झाले?”

“मिश्रीनं.”

“मग दालचिनी कशाला घालता? मिश्री घाला ना.”

खलीलने बायकोकडे बघितलं. एवढ्या दिवसांत त्याने स्वयंपाकघरातला एकेक डबा उपसला होता, आणि ही बाई रोज रिकामे डबे बघून शिव्या देत होती. मग हे ती आधी का बोलली नाही?

“तुम्ही विचारलं कुठं?” सालेहा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खलीलच्या निरोपावरून काशी गुणाबाईचा मिश्रीचा डबा घेऊन आली. घरात होती नव्हती तेवढी सगळी मिश्री होती. सासूबाईंना आता तिचा काय उपयोग, असं ती म्हणाली. तिला आणखीही काहीतरी बोलायचं होतं, पण खलीलने डब्यात नाक घातलं होतं आणि तो काही ऐकण्याच्या पलीकडे गेला होता.

या वेळी मात्र रंग शहाण्यासारखा वागला. मिश्री कापडातून चाळून खलीलने तीन लहान गोळे मळले. एकात बरीच, दुसऱ्यात बेताची, तिसऱ्यात नुसती बोटाला लागलेली. ते एकमेकांत असे दाबून जिरवले की कुठला कुठे संपला हे त्याचं त्यालाच सांगता येईना. दात सुकला, कानशीने घासून झाला, तरी रंग जागचा हलला नाही. खलीलने तो कढत चहात बुडवला. मग लिंबाच्या पाण्यात. मग नमुन्याशेजारी ठेवून सालेहाला विचारलं, “यातला नमुना कुठला?” तिने बोट ठेवलं ते दातावर. खलीलला इतका आनंद झाला की तो तिला दालचिनी आणायला बाजारात स्वतः गेला.

हळदीच्या सकाळी तो वडप्याला उतरला तेव्हा हिरामणच्या दारात आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव भरून गेला होता. काशीने त्याला मागच्या पडवीत नेलं. गुणाबाई नवं लुगडं नेसून, तोंडावर पदर धरून बसली होती. खलीलने ओल्या कापसातून दात काढला.

“उघडा मावशी तोंड.”

गुणाबाईने पदर खाली घेतला आणि तोंड उघडलं. खलीलचा हात हवेतच थांबला. आतमध्ये स्वच्छ, लख्ख, मोत्यांच्या भावाने विकता येतील असे दात बसले होते.

“मावशी,” तो कसाबसा म्हणाला, “हे कुणाचे?”

“कुनाचे म्हंजे? माजेच.”

“आणि मिश्री?”

“तूच बोललास बंद.”

“पण एवढे पांढरे...”

“तुज्या भुकटीनं घासते की. सकाळी घासते, सांजच्याला घासते. मिश्री सुटली तर हाताला कायतरी पायजे ना? तू घास बोललास, बंद कर कुटं बोललास?”

खलीलने काशीकडे बघितलं. काशी म्हणाली, “मी परवा सांगनार व्हते. तुमी डबा हुंगत व्हतात.”

“आता जरा मिश्री लाव मावशी, थोडी तरी...”

“समदी मिश्री तुज्या दुकानात हाय!”

बाहेर वाजंत्री सुरू झाली. हिरामण ओरडत होता, “नवरा पाटावर बसला! धवलारीन कुटंय?” मांडवाच्या खांबाला टेकून ठकुबाई घसा साफ करत होती, तो आवाज पडवीत स्पष्ट ऐकू आला. खलीलला रडायचं बाकी राहिलं. अख्ख्या भिवंडीत कुणी केलं नसेल असं काम त्याच्या हातून झालं होतं, आणि ते ज्या एकमेव तोंडासाठी केलं होतं त्यालाच आता जुळणार नव्हतं.

गुणाबाईची नजर अधू होती, पण दाताचा काळेपणा तिला दिसला. खलीलचा चेहरा तर दिसलाच. मग तिने हात पुढे केला.

“आन इकडं.”

“मावशी, लोक हसतील!”

“हसू दे. वारा जातोय तवर मना देव बोलावता येत न्हाईत. आधी देव येऊ देत, मंग मानसांचं बघू.”

तिने दात बसवला, पदर कमरेला खोचला आणि मांडवात जाऊन नवऱ्याच्या पाटासमोर बसली. खलील मागे बायकांच्या घोळक्याआड उभा राहिला. गुणाबाईने डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

आवाज घुमला. कुठे फट नाही, कुठे शीळ नाही. एकेका देवाला नाव घेऊन ती बोलावत गेली आणि वाजंत्री आपोआप थांबली. खलीलला त्यातले निम्मे देव ठाऊक नव्हते, तरी त्याच्या अंगावर काटा आला. म्हातारी जिंकली, असं त्याला वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात पुढच्या दोघी कुजबुजायला लागल्या.

“बघितलंस? गुणाबायनं समदे दात नवे घातले.”

“समदे कुटं? त्यो मधला काळा तेवढा जुना हाय. तेवढाच काय तो देवानं दिलेला.”

“हां ग! खरा दात लगीच कळतो.”

खलीलची छाती फुगली. असली शाबासकी जगात कुठल्या कारागिराला मिळाली असेल? खऱ्या दातांच्या ओळीत त्याचा एक खोटा बसला होता आणि लोक खरा म्हणून त्यालाच बोट दाखवत होते! त्याला आणखी ऐकायचं होतं म्हणून तो जरा पुढे सरकला.

“पन बाकीचे काय धड बसवलेत का? वाकडेतिकडे निसते. त्यो कडेचा तर पार भायेर आलाय.”

“भिवंडीला कोन मिया हाय, त्यानं केलेत बोलतात. हात कच्चा दिसतो.”

“अहो बाई...” खलीलच्या तोंडून निघालंच. दोघींनी वळून बघितलं. पाटासमोरून गुणाबाईनेही गाता गाता एक डोळा उघडला. त्या डोळ्यात इतकी जरब होती की खलीलने पुढचं वाक्य गिळलं आणि “हळद छान लागली,” असं म्हणून तो मागे सरकला.

त्यानंतर आठवड्याभरात ठकुबाई त्याच्या दुकानाच्या पायऱ्या चढली. आधी तिने बाहेर कुणी ओळखीचं नाही ना ते बघितलं, मग बाकावर बसून तोंड उघडलं. वरच्या ओळीत मोजके दात उरले होते, सगळे मिश्रीने काळेकुट्ट.

“गुणाबायसारके करून दे,” ती म्हणाली. “पन तिला बसवलेस तसे वाकडे नको. जरा मन लावून कर.”

खलीलने जीभ चावली. “करतो मावशी. सरळ करतो.”

“आन् ह्यो एक काळा मी ठेवनार. तिनं ठेवलाय तसा. अस्सल एक तरी दात तोंडात दिसला पायजे.”

खलीलला राहवलं नाही. कसम मोडायची नव्हती, पण निदान कडेकडेने काहीतरी मिळवावं म्हणून तो म्हणाला, “मावशी, हा हलतोय. काढून टाकू. हवा तर तसलाच काळा मी बनवून देतो ना!”

ठकुबाईने त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

“तू पांढरे सरळ बसव आधी,” ती म्हणाली. “त्यो रंग तुज्याच्यानं व्हनार हाय का?”